घाटात माणूस दिसतो

सोनईचा मुलूख सपाट. मुळेच्या पाटाचं पाणी, दोन्ही अंगांना ऊस, मधून सरळ सुटलेला रस्ता. दांड्याखालून पाय घालून मी इथंच सायकल शिकलो. चढ नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती.

ती भेटली दहावीच्या सुट्टीत. घोडेगाव मागं टाकून नगरच्या वाटेला लागलो आणि इमामपूरचा घाट समोर उभा राहिला. निम्म्यातच छाती भरून आली. उतरलो, सायकल हातात धरली आणि खाली मान घालून चालू लागलो. तेवढ्यात मागून किटल्या लावलेला एक दूधवाला आला, उभ्यानं पायडल मारत. इतका हळू, की चेनीची करकर मोजता यावी. त्याच्या मानेवरची ताठ शीर दिसली, हनुवटीवरून टपकणारा घाम दिसला. "चल की रं," एवढंच म्हणून तो पुढं गेला.

पुढं मुंबई-पुणे सायकल शर्यतीबद्दल वाचलं. बोरघाट चढून खंडाळ्याला जो पहिला पोचतो, तो 'घाटाचा राजा'. मग पुण्यात पहिला कुणीही येवो. सपाटीवर शर्यत म्हणजे रंगांचा एक झपाटा; घाटात वेग मरतो आणि एकेक चेहरा सुटा होतो. म्हणून बघ्यांची गर्दी वळणावर.

टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजचे मोठे घाट पहिल्यांदा आले १९१० साली. २१ जुलैचा तो टप्पा ३२६ किलोमीटरांचा. तूरमालेचा २,११५ मीटर उंचीचा माथा न उतरता चढला तो गुस्ताव्ह गारिगू. त्याला शंभर फ्रँकचं बक्षीस मिळालं. पण माथ्यावर पहिला पोचला ऑक्ताव्ह लापीझ, कधी सायकलवर, तर कधी ती हातात धरून! पुढच्या ओबिस्क घाटात तो आयोजकांवर 'खुनी' म्हणून ओरडला, आणि अखेर ती टूरही त्यानंच जिंकली.

हे वाचलं त्या दिवशी इमामपूरची माझी लाज निम्मी उतरली. आमच्या घाटातला गारिगू मात्र बिनबक्षिसाचाच राहिला.

त्या दिवशी मीही रडतखडत माथा गाठला होता. परतताना पायडल न मारता सुसाट सुटलो. समोरून कुणी चढत आलं असेलही. मला दिसलं नाही. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं.