शहाळ्याचे पाणी

आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आपल्या वसईचा जुना रिवाज आहे. वाडीतली केळी, दोन शहाळी, नाहीतर बिस्किटांचा पुडा. जे हाताशी असेल ते घेऊन माणसे निघतात. घरोघरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाताना खाटेच्या उशाशी ठेवलेल्या त्या पिशव्या पाहून मला आपल्या लोकांचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. परंतु गेल्या वर्षी हीच मायेची भेट माझ्या धर्मग्रामातील एका गृहस्थाच्या जिवावर बेतली.

हा गृहस्थ चाळिशीच्या आतला, दोन लहान मुलांचा पिता. उच्च रक्तदाबाने त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. धर्मग्रामाच्या सणाला घरी पाहुणे आले, आग्रह झाला, आणि त्याने दोन शहाळ्यांचे पाणी आणि चार केळी खाल्ली. रात्री हातापायांतले बळ गेले, हृदयाचे ठोके मंदावले. वेळीच रुग्णालयात नेले म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी मला म्हणाली, "फादर, शहाळं म्हणजे औषधच ना? आजाऱ्याला आपण तेच देतो ना?"

तिचा प्रश्न रास्त होता. एका शहाळ्याच्या पाण्यात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून अधिक पोटॅशियम असते. मोठ्या केळ्यातही जवळपास तेवढेच. निरोगी माणसाला ते हितकारकच. आपल्या देहातील जवळजवळ सर्व पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्तात त्याचा अगदी अल्प अंश फिरत असतो. हा अंश नेमका राखला जातो म्हणूनच हृदयाचे स्नायू तालात आकुंचन पावतात. जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने मूत्रपिंडांचे. ती थकली की पोटातून आलेले फळ हृदयावर घाला घालते. दोष हृदयात नसतो, पोटात नसतो, फळात तर नसतोच.

मूत्रपिंड म्हणजे घाण पाणी गाळणारी चाळण, एवढेच आपण शाळेत शिकलो. ते खोटे नाही. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सर्व परत रक्तात घेतात. प्रत्येकी साधारण १५० ग्रॅम वजनाची ही जोडी, पण हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर लोटते त्याचा सुमारे एक पंचमांश भाग एकट्या यांच्याकडे जातो. मात्र खरे नवल मला त्यांच्या संबंधांचे वाटते. रक्तात प्राणवायू कमी पडतो आहे, हे मूत्रपिंडाला कळते आणि ते एक संप्रेरक सोडते. ते हाडांच्या पोकळीतील मज्जेपर्यंत पोचले की तेथे तांबड्या पेशी अधिक तयार होतात. म्हणून मूत्रपिंडाचा रोगी फिकट दिसतो. उन्हात त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व आधी यकृतात बदलते, पण त्याच्यावर अखेरचा हात मूत्रपिंड फिरवते. तो फिरला नाही तर हाडे ठिसूळ होतात.

रक्तदाबाची साखळी तर याहून लांब. दाब उतरला की मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते. यकृताने आधीच रक्तात पाठवलेल्या एका प्रथिनाला ते तोडते. त्या तुकड्याला फुप्फुसांतील रक्तवाहिन्या पुन्हा छाटतात. आता तो प्रभावी होतो, रक्तवाहिन्या आवळतो, आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीला जागे करतो. ती ग्रंथी मूत्रपिंडालाच सांगते: मीठ राखून ठेव. यकृत, फुप्फुस, ग्रंथी असा प्रवास करून निरोप निघाला तेथेच परत येतो! पाठ्यपुस्तके श्वसनसंस्था, पचनसंस्था, उत्सर्जनसंस्था असे वेगवेगळे धडे करतात. शिकवायला ते सोयीचे आहे, एवढेच.

येथे थोडे विषयांतर. सेमिनरीत संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातील एक शरीर आणि अनेक अवयव हा दृष्टान्त आम्ही कितीदा तरी अभ्यासला. त्यात हात, पाय, डोळा, कान येतात. पाठीच्या कण्याशेजारी दडलेले मूत्रपिंड येत नाही. पण जुन्या करारातील हिब्रू लेखक त्याला विसरलेले नाहीत. माणसाचे अगदी आतले मन सांगताना ते हृदयाच्या जोडीने मूत्रपिंडाचे नाव घेतात. आधुनिक भाषांतरांत तो शब्द बहुधा गळतो आणि त्याजागी 'अंतःकरण' येते. मला ही सभ्यता थोडी महागात पडल्यासारखी वाटते.

असो. आता त्या घरापुढे प्रश्न आहे तो प्रत्यारोपणाचा. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला यशस्वीपणे बसवले, तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. पत्नी स्वतःचे एक मूत्रपिंड द्यायला तयार आहे. तिचा रक्तगट जुळतो. सासूबाईंचे वय आणि साखर आड येते. शेजारणी तिला सांगतात, "तुझी पोरं लहान आहेत, उद्या तुला काही झालं तर?" एक म्हणाली की देवाने दोन दिली त्याअर्थी दोन्ही लागतात.

तिने मला विचारले, "फादर, दिलं तर पाप लागेल का?" पाप नाही, हे मी तत्काळ सांगितले, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली अवयव प्रत्यारोपणाच्या जागतिक परिषदेत अशा दानाची थोरवी सांगितली होती. परंतु दान मनापासून असले पाहिजे. नवऱ्याने, सासूने किंवा धर्मगुरूनेही ते मागून घेऊ नये. नाही म्हणण्याचा तिचा हक्क मी तिला दोनदा सांगितला, सासूबाईंच्या समोर. त्यांना ते आवडले नाही, हे दिसत होते.

डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रियेतील धोका लपवला नाही. तसेच हेही सांगितले की एक मूत्रपिंड काढल्यावर उरलेले हळूहळू वाढते, अधिक काम उचलते, आणि काही महिन्यांत पूर्वी दोघांनी मिळून केलेल्या कामाच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोचते. हे ऐकल्यावर तिने फक्त एवढेच विचारले की पुन्हा वाडीत पाणी शिंपायला किती दिवसांनी जाता येईल. तिच्या तपासण्या अजून चालू आहेत. घराच्या दारावर तिने मोठ्या अक्षरांत कागद लावला आहे: कृपया फळे व शहाळी आणू नयेत. लोक तो वाचतात, पिशवी ओट्यावर ठेवतात आणि आत येऊन बसतात.