विमान वेळेवर सुटले

रिसोडहून विमानाने जायचे म्हणजे पहिला अर्धा दिवस जमिनीवरच जातो. गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर वाशीम नाहीतर अकोला गाठावे लागते. विमानतळ आहेत, पण वेगवेगळ्या दिशांना. हिंगोलीवरून नांदेड सर्वांत जवळ, पण तिथून सुटणारी विमाने मोजकीच. मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत गेलो की संभाजीनगर शहरात शिरण्याआधीच चिकलठाणा लागते. आणि नागपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, सर्वांत लांब. तरी आमच्याकडची बहुतेक घरे नागपूरच धरतात. विदर्भातील हाजींची विमाने तिथूनच सुटतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांना ती वाट ओळखीची वाटते. शिवाय मोमिनपुरा, टेका, हसनबाग अशा कुठल्या तरी मोहल्ल्यात आपले कोणीतरी असतेच. एक रात्र त्यांच्याकडे काढायची आणि सकाळी विमानतळ गाठायचे, असा शिरस्ता आहे.

या शिरस्त्यात विमान हा सर्वांत भरवशाचा भाग. बेभरवशाचा असतो तो रस्ता. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. मग बसगाड्या पेटल्या आणि मराठवाड्यात एसटीने कितीतरी फेऱ्या थांबवल्या. ऑक्टोबरच्या शेवटी बीडमध्ये जाळपोळ झाली तेव्हा पुन्हा तेच. चिकलठाण्याच्या धावपट्टीला दोन्ही वेळा काही झाले नाही. ज्यांचे तिकीट तिथले होते, त्यांच्यापुढे प्रश्न होता जालना ओलांडायचे कसे हा. एसटी रद्द झाली तर आरक्षणाचे पैसे परत मिळतात. पण एसटी रद्द झाल्यामुळे जे विमान चुकले, त्याचे काय?

हा प्रश्न आमच्या घरात २०२५ च्या रमजानमध्ये आला. अम्मी आणि नागपूरची खाला, दोघी बहिणींनी चार वर्षे भिशी लावून उमऱ्याचे पैसे जमवले होते. १८ मार्चला सकाळी नागपूर ते मुंबई आणि त्याच रात्री मुंबई ते जेद्दा, अशी तिकिटे होती. दोन कंपन्यांची, दोन वेगवेगळी. स्वस्त पडते म्हणून बहुतेक एजंट अशीच जोडणी करून देतात. बेत असा होता की आम्ही रिसोडहून तरावीहनंतर गाडीने निघायचे, सेहरीला मोमिनपुऱ्यात खालाकडे थांबायचे आणि तिथून खाला-खालूंना घेऊन विमानतळावर जायचे.

१७ मार्चच्या संध्याकाळी नागपुरात महाल भागात दंगल उसळली. रात्री संचारबंदी लागली. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतीनगर, सक्करदरा, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर, कपिलनगर अशी अकरा पोलीस ठाण्यांची नावे होती. मोमिनपुरा तहसील ठाण्यात येतो. गणेशपेठेत तर बसस्थानक, म्हणजे रिसोडहून एसटीने जाणारा माणूस जिथे उतरतो ती जागाच यादीत होती. खालाचा फोन आला तेव्हा आमच्या बॅगा दारात ठेवलेल्या होत्या. ती एवढेच म्हणाली, ‘इकडे येऊ नका.’

आम्ही निघालो, पण शहराकडे नाही. मालेगावजवळ समृद्धी महामार्गावर चढलो, सेहरी डब्यातली गाडीतच केली. समृद्धीचे नागपूरकडचे टोक शिवमडक्याला आहे, मिहानच्या अंगाला. तिथून सोनेगावचे विमानतळ गाठायला जुन्या शहरात शिरावेच लागत नाही. विमानतळ नेहमीसारखे चालू होते. चहाचा वास, ट्रॉल्यांचा खडखडाट, रांगेत झोपाळू मुले. काही किलोमीटरवर दुकानांना टाळे आणि चौकाचौकांत पोलीस आहेत, याची तिथे काही खूण नव्हती. अडीचशे किलोमीटरवरून आम्ही वेळेत पोहोचलो. गावातल्या गावात राहणारी खाला पोहोचू शकली नाही.

संचारबंदीत तिकीट दाखवले तर स्टेशनला, विमानतळाला जाऊ देतात, असे पुष्कळजण सांगतात. पुष्कळदा देतातही. पण दंगलीच्या पहिल्या रात्री ते नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात असते, आणि नाक्यापर्यंत गल्ल्यांतून चालत जावे लागते. साठीच्या दोन माणसांनी बॅगा ओढत त्या गल्ल्यांतून निघावे, असे सांगण्याची आमची हिंमत झाली नाही. त्याच रात्री रेल्वे पकडायला घराबाहेर पडलेला एक माणूस दंगलीत जखमी झाला आणि पाच दिवसांनी दवाखान्यात दगावला. हे नंतर कळले तेव्हा तिकिटाच्या पैशांचे दुःख आमच्या घरात कोणी पुन्हा काढले नाही.

त्या सकाळी मात्र आम्ही फोनवर भांडत होतो. विमान कंपनीच्या माणसाचे उत्तर एकच: विमान वेळेवर आहे. वेळेवर असलेल्या विमानाला प्रवासी आला नाही, तर तो ‘गैरहजर’. तारीख बदलायची तर दंड भरा आणि भाड्यातला फरकही भरा; रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात तो फरक तिकिटाहून मोठा होता. नागपुरात संचारबंदी आहे, हे त्याला माहीत होते. पण त्याच्या पडद्यावर नागपूरपुढे सवलतीची खूण नव्हती.

ही खूण कधी येते, हे पुढे आम्ही जरा खोलात जाऊन पाहिले. अशा वेळी कंपन्या सवलत देत नाहीत असे नाही. भीमा कोरेगावनंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला, मुंबईत लोकल अडल्या, द्रुतगती मार्ग अडले. तेव्हा काही कंपन्यांनी मुंबईच्या प्रवाशांना तारीख बदलण्याचा आणि गैरहजेरीचा दंड माफ केला. डिसेंबर २०१९ मध्ये गुवाहाटी आणि दिब्रुगडला संचारबंदी लागली तेव्हाही तसेच झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन भडकले, त्रिभुवन विमानतळ बंद पडले, महाराष्ट्रातलेही पर्यटक अडकले. तिथेही कंपन्यांनी बदल आणि रद्द करण्याचा दंड सोडला आणि सरकारने त्यांना भाडे आवाक्यात ठेवायला सांगितले.

या सवलतींची शिवण सगळीकडे सारखी असते. ठरावीक विमानतळ, ठरावीक दिवसांचा प्रवास आणि ठरावीक तारखेच्या आधी काढलेले तिकीट. तिन्ही जुळले तरच दंड माफ. भाड्यातला फरक कधी माफ, कधी नाही. विमानतळ बंद झाला किंवा सगळे महानगरच ठप्प झाले की कंपनीला संकट दिसते. अकरा ठाण्यांच्या हद्दीतला बंद तिला दिसत नाही. याचा सर्वांत बोलका दाखला १९ डिसेंबर २०१९ चा. त्या दिवशी नागरिकत्व कायद्याविरोधातील निदर्शनांमुळे पोलिसांनी दिल्ली-गुरुग्राम रस्त्यावर अडथळे लावले, गाड्यांच्या मैलभर रांगा लागल्या आणि इंडिगोला दिल्लीहून १९ विमाने रद्द करावी लागली. कारण? वैमानिक आणि कर्मचारीच त्या रांगेत अडकले होते. रस्ता कंपनीच्या माणसाला अडवतो तेव्हा विमान रद्द होते. प्रवाशाला अडवतो तेव्हा प्रवासी गैरहजर होतो. हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. स्थानिक पोलिसांचा लेखी आदेश हातात असताना, त्या हद्दीत राहणाऱ्याला एकदा तरी विनादंड तारीख बदलून मिळायला हवी. त्यात कंपनीचे फार काही जात नाही.

नियम काय सांगतो तेही घरात एकाला तरी ठाऊक असावे. विमान कंपनीनेच रद्द केले, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे, यातले काय घ्यायचे ते प्रवाशाने ठरवायचे. ऐनवेळी रद्द झाले तर ५ ते १० हजारांपर्यंतची भरपाई असते, पण दंगल, राजकीय अस्थिरता अशा कारणांना डीजीसीएच्या नियमांतूनच सूट आहे. म्हणून अशा वेळी भरपाईसाठी भांडण्यात दिवस घालवू नये, परताव्यासाठी भांडावे. विमान उडाले आणि आपण पोहोचलो नाही, तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळाले पाहिजे. मूळ भाडे परत न मिळणारे, अगदी सवलतीतले तिकीट असले तरीही. तिकीट एजंटकडून काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी कंपनीवरच असते. आणि पोहोचणे जमणार नाही असे दिसले, की विमान सुटण्याच्या काही तास आधी तिकीट रद्द करावे. गैरहजर राहण्यापेक्षा त्यात सहसा चार पैसे जास्त हाती येतात. जाण्या-येण्याचे तिकीट एकच असेल तर हे जास्तच जपावे, कारण पहिल्या टप्प्याला गैरहजर राहिलो की पुढचे टप्पेही आपोआप रद्द होऊ शकतात.

यातले बरेच काम मोबाईलवर होते आणि अशांततेत पहिल्यांदा बंद पडते ते इंटरनेट. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत असेच झाले होते. म्हणून तिकिटाची छापील प्रत आणि कंपनीचा फोन नंबर कागदावर असावा. आणि शहराबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे तिकिटाचा क्रमांक असावा, म्हणजे तो दुसऱ्या गावातून रद्द करू शकेल. प्रवास विमा घेताना दंगल, बंद, संचारबंदी हे शब्द कागदात कुठल्या बाजूला आहेत ते वाचून घ्यावे. कधी ते मिळणाऱ्या गोष्टींत असतात, कधी वगळलेल्यांत.

मुंबईला पोहोचल्यावर आम्ही जेद्दाच्या विमानाच्या काउंटरवर गेलो. ही दुसरी कंपनी. खाला-खालूंची तिकिटे, नागपूर पोलिसांच्या संचारबंदीची बातमी, मोमिनपुऱ्याचा पत्ता असलेले आधार, सगळे मोबाईलवर दाखवले. काउंटरवरच्या बाईंनी वरिष्ठांना फोन लावला, मग पुन्हा लावला. अर्ध्या तासाने दंड माफ झाला आणि भाड्यातला फरक घेऊन तारीख पुढे सरकली. कागदावर त्यांच्याकडेही सवलत नव्हती. अम्मी त्या अर्ध्या तासात काही बोलली नाही, नुसती तसबीह फिरवत बसली होती.

नागपुरातली संचारबंदी टप्प्याटप्प्याने उठली. तहसीलसह शेवटच्या ठाण्यांतली २३ मार्चला. खाला-खालू २४ ला निघाले, मुंबईपर्यंतचे तिकीट नव्याने काढून. दोघी बहिणींना शेवटच्या अश्रात काही रात्री एकत्र मिळाल्या.

चुकलेल्या तिकिटावरचे कर आपोआप आले नाहीत. एजंटमार्फत एक अर्ज केला, महिनाभर वाट पाहिली, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. मेमध्ये खालाच्या खात्यात पैसे जमा झाले.