ओळंबा

आषाढात लोणावळ्यात वीज गेली की तिची वाट बघण्यात अर्थ नसतो. भाचा आणि त्याचा मित्र चार दिवस राहायला आले होते ते काही धबधब्यांसाठी नव्हे, निवांत गेम खेळायला. सॅकेत लॅपटॉप, चार्जर, कंट्रोलर असा सगळा संसार. दुसऱ्याच दुपारी वीज गेली, बॅटरीनंही मान टाकली, आणि खेळता येईना म्हणून दोघं भांडायला बसले.

भांडण एका बंदुकीवरून होतं. ‘मास इफेक्ट’ नावाचा अंतराळातला गेम आहे. त्याच्या २००७ सालच्या पहिल्या भागात गोळ्या संपायची भीतीच नाही. बंदुकीच्या पोटात धातूचा ठोकळा असतो, त्याची कपची निघते तीच गोळी. बंदूक फक्त तापते, आणि जरा थांबलं की आपोआप निवते. २०१० सालच्या दुसऱ्या भागात मात्र ती उष्णता शोषून घ्यायला ‘थर्मल क्लिप’ लागते. क्लिपा संपल्या की हातात नुसतं लोखंड. कथेत याचं कारणही दिलंय: नायक शेपर्ड मधली दोन वर्षं मेलेला असतो आणि तेवढ्यात सगळ्या आकाशगंगेनं ही नवी पद्धत उचललेली असते. इथपर्यंत ठीक. पण याच भागात एका ग्रहावर दहा वर्षांपूर्वी आदळलेलं जहाज सापडतं. तिथल्या माणसांचा इतकी वर्षं बाहेरच्या जगाशी काडीचा संबंध आलेला नाही. आणि तिथे क्लिपा पडलेल्या असतात.

“दोन वर्षांपूर्वी निघालेली वस्तू दहा वर्षं अडकलेल्या माणसांकडे आली कुठून?” भाचा.

“गेम आहे रे. क्लिपा ठेवल्या नाहीत तर तू लढणार कशानं?”

“मग सरळ तसं म्हणा ना! कारण कशाला देता? दिलंत तर मग ते सगळीकडे लागू करा.”

त्या जहाजाचं नाव ह्यूगो गर्न्सबॅक. ज्याच्या नावानं विज्ञानकथांना ह्यूगो पुरस्कार देतात तो हा गृहस्थ. म्हणजे नाव ठेवताना एवढा विचार केला, आणि क्लिपांच्या तारखा बघायला कुणाला वेळ झाला नाही.

चहा गाळता गाळता मला हसू आलं. मग आठवलं, हाच भाचा पाच वर्षांचा असताना मी त्याला रोज रात्री राजमाचीच्या एका कोल्ह्याची गोष्ट सांगत असे. एकदा झोपेच्या तारेत मी कोल्ह्याला करवंदं खायला घातली. पोरगं ताडकन उठून बसलं. “मामा, त्याला करवंदं आवडत नाहीत. मागे तूच म्हणालास.” मी कधी म्हणालो होतो ते मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं, कारण तो कोल्हा माझ्यापेक्षा त्याचा जास्त होता. मी थापा मारत होतो. राहत होता तो तिथे.

आपलंही काही या वादात असावं म्हणून मी कॅप्टन नेमोला पुढे केलं. ज्यूल व्हर्नच्या १८७० सालच्या पुस्तकात नेमो कोण, कुठला, काहीच कळत नाही. पुढच्या एका पुस्तकात कळतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७च्या उठावात लढलेला. आपल्याला अभिमान वाटायचा तो वाटतोच. पण पहिल्या पुस्तकातली सफर घडते १८६७च्या सुमाराला, दुसऱ्यातला म्हातारा नेमो मरतो १८६८ साली, आणि मरण्यापूर्वी त्या सफरीला सोळा वर्षं झाली असं सांगतो! तारखा जुळत नाहीत हे छापतानाच लक्षात आलं होतं. तळटीप टाकून वेळ मारून नेली. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न आम्ही लहानपणी अधाशासारखा वाचला, पण हे गणित आमच्यातल्या कुणीही केलं नाही. ही पोरं करतात. आम्ही बहुतेक पाहुण्यासारखे वाचत होतो.

मित्रानं मग २०१२ सालचा तिसरा भाग उकरून काढला. त्याच्या शेवटावर जगभरचे खेळणारे इतके खवळले की कंपनीला काही महिन्यांतच वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला. “मूळ शेवट तेच ठेवले, नुसती सारवासारव,” तो म्हणाला. सारवासारव हा शब्द त्यानं अगदी आजीच्या सुरात वापरला.

दुसऱ्या दिवशीही वीज नव्हती. दोघांना हाकलत स्टेशनवर नेलं, लोकलनं मळवली गाठलं आणि भाजे लेण्याच्या पायऱ्या चढलो. चैत्यगृहात कुणी नव्हतं. बाहेर पागोळ्यांचा पडदा. मी मुठीची छत्री मिटली, खांबाजवळ उभा राहिलो आणि ती एका बोटावर लोंबती सोडली. गवंड्याचा ओळंबा जसा. टोकावरून पाणी ठिबकत राहिलं, छत्री हलायची थांबली, आणि खांब कलता दिसू लागला. वर जाताना आत झुकलेला. एक नाही, ओळच्या ओळ.

“चुकलेत?” मित्रानं विचारलं.

चुकले नव्हते. हे लेणं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. त्याआधी अशी सभागृहं लाकडाची असत. कमानदार छप्पर खांबांना बाहेर रेटतं, म्हणून लाकडाचे खांब आत झुकवूनच पुरायचे. इथे तर कुणी खांब उभा केलेलाच नाही. डोंगर काढून टाकला आणि खांब शिल्लक ठेवला. रेटा नाही, झुकायचं कारण नाही. तरी झुकवला, कारण ज्यांना आत बसायचं होतं त्यांच्या डोळ्यांत खांब तसेच होते.

रिक्षा करून हायवेपलीकडे कार्ल्याला गेलो. भाजेनंतर दोन-तीन शतकांनी कोरलेलं हे चैत्यगृह. सदतीस खांब, आणि सगळे ओळंब्यात. ती जुनी अट इथे गुपचूप सोडून दिलीय. पण मान वर केली तर दगडी छताखाली सागवानी कमानी, ओळीनं, आजही. त्या छताला धरून ठेवत नाहीत. छतानंच त्यांना धरलंय. भाचा बराच वेळ वर बघत होता. “म्हणजे मेकॅनिक बदललं, पण लोर ठेवलं,” तो म्हणाला. खेळाचा नियम बदलला, पण त्यामागची जुनी कथा ठेवली, असा अर्थ. मला याहून बरं सांगता आलं नसतं.

दुरुस्त्या इथेही झाल्यात. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख या लेण्यात आहे. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं आणि तेच गाव त्याच भिक्षूंना पुन्हा दान दिलं. तोही लेख इथेच आहे. त्यातला हुकूम ‘मामाल’च्या अमात्याला आहे. मामाल म्हणजे आपला मावळ. नाशिककडच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची १३,०००वर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. खालचं नहपानाचं तोंड मात्र पुरतं पुसलं गेलेलं नाही. जुन्या कथेत मागाहून केलेल्या अशा दुरुस्तीला मुलांच्या भाषेत रेटकॉन म्हणतात. मला वाटतं, भांडण बदलाशी नसतंच. खाली काही नव्हतंच असं कुणी सांगायला लागलं की माणसं पेटतात.

बाहेर, अगदी चैत्याच्या तोंडाशी, एकवीरेचं देऊळ. ओटीचं सामान विकणाऱ्या बाईंनी आम्हाला हात केला आणि न विचारताच सांगितलं, हे सगळं पांडवांनी एका रात्रीत बांधलं. भाच्याला राहवलं नाही.

“मावशी, पण आत खांबांवर तर वेगवेगळ्या माणसांची नावं कोरलीत. दान देणाऱ्यांची. धेनुकाकटचे यवन वगैरे.”

बाईंनी नारळावरचं पाणी पुसलं. क्षणभरच विचार केला असेल.

“बिगाऱ्यांची असतील,” म्हणाल्या. “पाचजणांनी एका रात्रीत एवढं होतंय व्हय?”

लोकलमध्ये दोघं बराच वेळ गप्प होते. लोणावळ्याचा फलाट दिसायला लागला तसा मित्र हळूच म्हणाला, “त्या जहाजाची कुणीतरी मधे लूट केली असेल. चाच्यांनी. क्लिपा त्यांच्या पडल्या असतील.”

“दहा वर्षं कुणी उतरलं नाही असं स्पष्ट म्हटलंय,” भाच्यानं सुनावलं, आणि दाराकडे जाता जाता मागे वळून म्हणाला, “थांब, नक्की काय म्हटलंय ते बघायला लागेल.”