खळ काढलेलं कापड

मे महिन्यात पिंप्राळ्यातून भरदुपारी फुले मार्केटला निघायचं तर डोक्याला पांढरा रुमाल आणि अंगात सुती कपडा, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. पण सुती म्हटलं की सगळं सारखंच, ही माझी समजूत भाच्याच्या लग्नात मोडली.

हळदीला सुरकुती न पडणारा नवा शर्ट घातला होता. चिठ्ठीवर १०० टक्के कॉटन. मांडवात पारा ४४ अंशांवर. घाम बरगड्यांवरून ओघळून कमरपट्ट्यात साचत होता आणि शर्ट तो टिपायलाच तयार नव्हता. सुरकुती पडू नये म्हणून अशा कापडावर रेझिन चढवतात, ते तंतूला आतून बांधून ठेवतं. मग कापूस पाणी कमी पितो. घाम उडून गेला तरच अंग निवतं. लिटरभर घाम उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो, नुसता टपकला तर वाया. त्यात कातडी ३५ अंशांच्या आसपास आणि हवा त्याहून तापलेली, म्हणजे वारासुद्धा ताप आतच ढकलतो. घामाखेरीज शरीराच्या हाती काही उरत नाही.

लग्नाच्या दिवशी कडक स्टार्चचा झब्बा. सकाळी तो अंगापासून सुटा उभा राहिला, बरं वाटलं. वरात दारात येईतो स्टार्च भिजून चिकट झाला. विणीतली भोकं त्यानं आधीच बुजवलेली, वारा शिरणार कुठून?

काका खानदेश मिलमध्ये सायझिंग खात्यात होते. माझी दशा पाहून म्हणाले, "अरे, ताण्याला खळ लावतात ती मागावर सूत तुटू नये म्हणून. अंगावर मिरवायला नाही!" कोऱ्या मांजरपाटात ती खळ राहिलेली असते, माय नवं कापड रात्रभर बादलीत भिजत घालायची ते त्यासाठीच. आता घरात सून शेवटच्या पाण्यात सुगंधी कंडिशनर ओतते. कपडे मऊ होतात खरे, पण धाग्यावर मेणचट थर बसतो. आमचे टॉवेल पाणी टिपेनासे झाले, तेव्हा निदान उन्हाळ्यापुरती ती बाटली बंद झाली.

हल्ली मी दुकानात कापडाच्या काठावर पाण्याचा थेंब सोडून बघतो. लगेच पसरला तर घ्यायचं, मण्यासारखा वर बसला तर पुढचं ठाण. स्टार्च थेंबानं कळत नाही. त्यासाठी कापड मुठीत चोळायचं आणि पांढरी पूड निघते का बघायची. दुकानदार डाग पडेल म्हणून कुरकुरतो.