दरेवाडीचा डोंगर आणि शेळीवाल्यांचा सवाल

नाशिकहून पुण्याला जाणारी एस.टी. मोहदरी घाट चढून सिन्नरला आली की द्राक्षबागांचा मुलूख मागे पडतो. नांदूर शिंगोट्याच्या पुढे बाजरीची पट्टी आणि बोडके डोंगर दिसू लागतात. सह्याद्रीने पाऊस अडवून धरलेला हा पट्टा. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आपल्या आया-आज्यांना हे रान सांगायला नको. पुढे संगमनेर तालुका लागतो, त्यातले दरेवाडी हे लहानसे गाव. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत, आणि उन्हाळा आला की टँकरची वाट.

या गावाची गोष्ट एका ख्रिस्ती धर्मगुरूपासून सुरू होते. हरमन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेज्युइट फादर. 1948 साली ते भारतात आले आणि अहमदनगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) गरीब शेतकऱ्यांत राहून काम करू लागले. लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. आधी विहिरी, पंप, कर्ज अशीच मदत केली. पण विहीर खणल्याने पाणी तयार होत नाही, जमिनीत मुरलेले तेवढेच वर येते. मग पडणारा पाऊसच जिथल्या तिथे धरायचा, असे ठरले. जर्मनीचा पैसा, नाबार्डची देखरेख आणि गावाची मेहनत यांतून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापली. कामाला धर्माची अट नव्हती.

दरेवाडीत 1996 ते 2001 काम चालले. रीत साधी, पण क्रम पक्का: माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरावर समतल चर, म्हणजे धावते पाणी थांबते. मग घळीत अनगड दगडांचे बांध, शेतांना ताली, आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर बंधारा. उलटे केले तर पहिल्याच दोन पावसांत बंधारा गाळाने भरतो. सरकारी कामांत असे गाळाने भरलेले बंधारे आपण कमी का पाहिले आहेत?

गावावर अटी होत्या. श्रमदान, झाडावर कुऱ्हाड नाही, डोंगरावर मोकाट चराई नाही. श्रमदानातून भूमिहीन आणि एकट्या बाईचा गरीब संसार यांना सूट होती. ही सूट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या शेतात पाणी मुरणार नाही, त्याने फुकट का राबावे?

पण चराईबंदीचे काय? ज्याला जमीन आहे त्याला बांधावरचे गवत आहे. ज्याच्याकडे चार शेळ्या आणि उघडा डोंगर एवढेच भांडवल, त्याचे पोट या बंदीने मारले जाते. दरेवाडीत शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या ठाकर आणि धनगर कुटुंबांचा विरोध झाला, तो अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. सगळा डोंगर एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा तोडगा काढावा लागला. चर खणण्याची मजुरी गावातच मिळू लागली, हा त्या काळापुरता आधार. पण चर खणून झाले की मजुरीही संपते.

टँकरच्या गावात विहिरींना पाणी आले, डोंगरावर गवत आले. पुढे गावात प्रशिक्षण केंद्रही झाले आणि बाहेरून लोक शिकायला येऊ लागले. मात्र विहिरीचे पाणी जमीनवाल्याच्या मोटारीने उपसले जाते. म्हणून ग्रामसभेने नेमलेल्या पाणलोट समितीत भूमिहीन आणि बाया असणे ही कागदावरची बाब नव्हे. बायांची संयुक्त महिला समिती वेगळी होती, ती त्यासाठीच.

2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लौदातो सी’ या पत्रात पृथ्वीची नासाडी आणि गरिबांचे हाल यांची सांगड घातली. जगभर त्याची चर्चा झाली. दरेवाडीच्या डोंगरावर तो वाद त्याआधी जवळपास वीस वर्षे चालू होता. बाखर बाबा 2021 साली वारले.

पाहायला जायचे तर श्रावणात नको, तेव्हा सगळेच डोंगर हिरवे असतात. वैशाखात संगमनेरहून जावे, चरांवरून चालावे, आणि विहिरीत डोकावून झाले की त्या विहिरीवर मोटार कोणाची, हंडा कोणाचा, तेही विचारावे.