नावानिशी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा लिहिणारी मंडळी जमतात. शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, दोन-तीन शेतकरी, एक औषधविक्रेते आणि आम्ही काही बायका. नवीन माणूस आला की ओळख करून देताना बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, ‘थोडंफार लिहितो.’ ज्याच्या घरी वह्यांनी पेटी भरलेली आहे, तोही हेच म्हणतो. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते आणि कथा लिहिते. नोकरीबद्दल कुणी विचारलं तर ‘थोडीफार नोकरी करते’ असं माझ्या तोंडून कधीच येत नाही. कथेबद्दल मात्र ‘थोडंफार’ किती सहज यायचं!

या संकोचाला आपण विनय म्हणतो. मला तो विनय वाटत नाही. विनय असतो तो केलेल्या कामाच्या गुणाबद्दल. आपलं वाक्य अजून कच्चं आहे हे जाणणं म्हणजे विनय. ‘थोडंफार’मध्ये वाट बघणं असतं. कुणीतरी परवानगी देईल, मग म्हणू. आधी वाटतं, मासिकात एक गोष्ट छापून येऊ दे. ती आली की पुस्तकाची वाट सुरू होते. पुस्तक झालं की ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकाने काढलेलं नाही म्हणून पुन्हा मान खाली. माझ्या ओळखीत दोन कथासंग्रह झालेले एक गृहस्थ आहेत. ते अजूनही स्वतःला हौशी म्हणवून घेतात आणि ते ऐकताना मला वाईट वाटतं, कारण त्यांच्या कथांमधली माणसं मी विसरू शकत नाही.

परवानगी देणारी ठिकाणं आपल्याकडे आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्या कित्येकांचं पहिलं छापील नाव दिवाळी अंकात उमटलं आहे. त्याच वाटेवर ‘साभार परत’ही असतं. आपणच तिकीट लावून पाठवलेलं पाकीट आपल्याच अक्षरातल्या पत्त्यावर परत येतं. संपादकाने त्या कथेपुरता निर्णय दिलेला असतो, आपण तो स्वतःवरचा निकाल समजतो. संपादकाचं काम कथा निवडणं हे आहे. लेखक कोण, हे ठरवण्याचं काम त्याने कधी मागितलेलंही नसतं.

महात्मा फुल्यांची गोष्ट यासाठी मी वारंवार आठवते. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण पाठवलं. आजच्या साहित्य संमेलनांचं मूळ आपण अशाच सभांमध्ये शोधतो. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. माणसाचे हक्क सर्वांना द्यायला जे तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्येच आलेलं होतं, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झालेला होता. सभेत बसल्याने ते ग्रंथकार होणार नव्हते आणि न बसल्याने त्यांचं ग्रंथकार असणं कमी होणार नव्हतं. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं म्हणून त्या पत्रात एवढं बळ आहे.

पण मराठीत याहून जुना आधार आहे आणि तो रोज आपल्या कानावर पडतो. अभंगातली नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव घालतो. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. इतकं ऐकलेलं असल्यामुळे त्यातलं धैर्य आपल्याला दिसेनासं झालं आहे. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी होती. दळणं, कांडणं, झाडलोट हे तिचं काम. ती आपली ओळख लपवत नाही, नामयाची दासी म्हणूनच सही करते. सोयराबाई तर जातीसकट स्वतःला चोख्याची महारी म्हणवून अभंगात उभी राहते. जिला देवळाच्या पायरीपलीकडे जायची बंदी, ती बाई आपल्या शब्दांखाली आपलं नाव ठेवते. त्या काळात तिला कवी म्हणून कुणी प्रमाणपत्र दिलं असेल?

नाव घालण्याचा अर्थ मला वयाच्या चाळिशीत उमगला. त्यात मोठेपणा नाही, जबाबदारी आहे. हे मी म्हणते आहे, याचं जे काय बरंवाईट असेल ते माझ्याकडे येऊ द्या, असं ती सही सांगते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कुणाचे अभंग बुडवायचे हे लोकांना माहीत होतं, कारण ते नावानिशी होते. आणि कुणाचे अभंग पाठ ठेवायचे हेही त्याच नावामुळे माहीत होतं.

जिथे नाव घातलं गेलं नाही, तिथे काय झालं तेही बघावं. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायकांच्या किती पिढ्या बिननावाने गेल्या. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे गाणारणीचं नाव आणि गाव ओवीसोबत नोंदवलं गेलं. बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्यापर्यंत आली, कारण घरातल्यांनी ती ऐकून उतरवून ठेवली. त्या १९५१ साली गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं. लिहिता-वाचता न येणारी ही बाई मराठीतली थोर कवयित्री आहे आणि हे शब्द तिच्यासाठी कुणी वापरलेले तिने छापील पानावर पाहिले नाहीत. शेजारच्या शेतात अशीच गाणी रचणारी कुणी असेल, जिचा मुलगा बहिणाबाईंच्या सोपानदेवांसारखा कवी नव्हता, तिचं काय झालं, या प्रश्नाने मी अस्वस्थ होते.

आमच्या जिल्ह्यातल्या फलटणला बेबी कांबळे राहत. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. माल बांधायला रद्दीचे कागद यायचे, ते त्या वाचायच्या. दुकानातच बसून आपल्या समाजातल्या बायकांचं जिणं त्यांनी लिहून काढलं आणि ते कागद वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे मॅक्सीन बर्नसन या फलटणमध्ये राहिलेल्या अभ्यासक बाईंच्या पाहण्यात ते लिखाण आलं, १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः छापलं गेलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. बेबीताई लेखिका कधी झाल्या? १९८६ ला? माझं ठाम मत आहे की, त्या दुकानातल्या गल्ल्याशेजारी कागद ओढून बसल्या त्या दिवशीच झाल्या. लपवलेले कागदसुद्धा लेखिकेचेच होते. मात्र ते बाहेर आले नसते तर आपण किती दरिद्री राहिलो असतो!

माझ्या घरी ‘लिहिणारी’ हा शब्द आधी मी उच्चारलाच नाही. पहाटेचा वेळ मी लिहिण्यासाठी ठेवला, एवढंच घरात सांगितलं होतं. एकदा शेजारच्या वहिनी सकाळी काहीतरी विचारायला आल्या. मी आतल्या खोलीत होते. सासूबाईंनी त्यांना दारातच थांबवलं. ‘ती लिहायला बसलीय. तासाभरानं ये.’ मी आतून ऐकलं. सासूबाई चौथी शिकलेल्या, माझी एकही कथा त्यांनी वाचलेली नाही. पण मी रोज काय करते हे त्यांनी पाहिलं होतं आणि पाहिलं तेच सांगितलं. त्या दिवसापासून मीही तसंच सांगू लागले.

सांगितल्याने लिखाण सुधारतं का? नाही. पण वागणं बदलतं. आधी मी कथा संपली की ठेवून द्यायची. हौसच तर आहे, कशाला पुन्हा हात लावायचा. आता तसं चालत नाही. लेखिका म्हटलं की दुसरा खर्डा करणं आलं, बोलीतला शब्द ज्यांची ती बोली आहे त्यांना विचारणं आलं, जिच्यावर कथा बेतली तिला ती वाचून दाखवणं आलं. काउंटरवर दिवसभर लोकांचे अडलेले संसार माझ्यासमोर येतात. त्यातलं काय लिहायचं आणि काय कधीच लिहायचं नाही, हे मला नावानिशी ठरवावं लागतं.

उलट बाजूही खरी आहे. न लिहिता लेखक म्हणवून घेणारे आणि शाल-श्रीफळासाठी धडपडणारे लोक प्रत्येक गावात असतात. त्यांच्याकडे बघून पुष्कळ प्रामाणिक माणसं तो शब्दच टाळतात. हे मला पटत नाही. जो शब्द काम करणारे सोडून देतात, तो काम न करणाऱ्यांच्या ताब्यात जातो.

तेव्हा वही मिटून ठेवलेली असेल तर काढा. कथा स्वच्छ अक्षरात उतरवा किंवा टाइप करून घ्या, खाली टोपणनाव नको, पूर्ण नाव आणि गाव लिहा. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात. या वर्षी पाठवा, आणि सोबतच्या पत्रात ‘मी कथा लिहिते’ किंवा ‘मी कथा लिहितो’ एवढं एकच वाक्य स्वतःबद्दल घाला.