नाव आणि ओळख

कॅडिसमाशी दिसायला अगदी साधी. तपकिरी पंख, त्यांवर बारीक केस, लांब मिशा. दुरून पतंगच वाटावा. तिच्या १६,००० हून अधिक प्रजातींना नावे मिळाली आहेत, तरी इक्वेडोरमधल्या अँडीज पर्वताच्या वर्षावनांतून नव्या प्रजाती सापडतच आहेत.

हे काम कसे चालते ते वाचले आणि त्यातला संयम मला आवडला. रात्री ओढ्याकाठी अतिनील दिवा लावतात. दिव्याकडे आलेल्या माश्या अल्कोहोलमध्ये जपतात. नुसत्या पंखांवरून प्रजाती ठरवणे अवघड असते. म्हणून नराच्या पोटाचे टोक रसायनाने स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्याचे चित्र काढतात आणि आधी नोंदलेल्या प्रजातींशी ताडून बघतात. फरक पक्का ठरला की नाव देतात. एक नमुना संग्रहात कायमचा राहतो. पुढे शंका आली तर त्याच्याशी पडताळायचे.

पण तिची अळी? ती पाण्यात वाढते. कित्येक प्रजातींच्या अळ्या स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण, काड्या, पाने जोडून घर बांधतात. माशीला नाव मिळते, पण पुष्कळदा तिची अळी कोणती हे कोणालाच माहीत नसते.

सकाळच्या परेडला आम्ही सगळे एकाच गणवेशात उभे असतो. शेजारच्या खाटेवरच्या मित्राचे नाव आणि रोल नंबर मला पहिल्याच दिवशी कळले. रविवारी घरी फोन झाला की तो संध्याकाळभर गप्प असतो, हे कळायला वर्ष लागले.